सुटपाकळे, बिनपाकळे आणि डबीर मास्तरांचा आंबा

दिवाकरराव डबीरांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी वर्ग मिळत असे. तुम्ही वहाणा काढून बैठकीत टेकलात, की दिवाकरराव चष्म्यावरून तुमच्याकडे बघत. भाऊ किती, एकत्र राहता की वेगळे, मुंजीला बँड लावला होता की नाही, एवढं विचारून घेत आणि मग आतल्या दिशेला तोंड करून सांगत, "अगं, पाणी आण. जोडपाकळे आहेत." पाहुणा घाबरून स्वतःच्या धोतराच्या निऱ्या तपासून बघे. आतून त्यांच्या पत्नी अनसूयाबाई पाणी घेऊन येत आणि म्हणत, "घ्या. मनावर घेऊ नका. मागे कचेरीतल्या हेडक्लार्कांना तोंडावर एरंड म्हणून राहिले होते हे."

ही गोष्ट सी. पी. आणि बेरारच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काळातली. सरकार नागपूरला, सरकारचा उन्हाळा पचमढीला आणि उरलेलं ऊन जबलपूरला, अशी तेव्हा वाटणी होती. दिवाकरराव इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसर जे बोलत ते खरं आहे, हे टेबलावर फूल फाडून दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं. डबीरांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत नर्मदेकाठी आले आणि कागद सांभाळत इथेच राहिले. त्यांनी पिढ्यानपिढ्या माणसांचे दोनच वर्ग केले: सारा भरणारे आणि सारा चुकवणारे. दोन्ही वर्गांनी त्यांना शिव्या दिल्या. दिवाकरराव जास्त शहाणे निघाले. वर्ग पाडण्याचा घरचा धंदा त्यांनी चालू ठेवला, पण झाडांवर. झाड वरच्या कोर्टात जात नाही.

लग्नात त्यांना सासऱ्यांकडून, म्हणजे भय्यासाहेबांकडून, तिलवाऱ्याच्या रस्त्यावर एक बाग मिळाली. मिळाली म्हणायची ती आपली पद्धत. भय्यासाहेब व्यवहारी गृहस्थ होते, बाग त्यांनी मुलीच्या नावावर केली आणि जावयाला फक्त हौस दिली. बागेबरोबर नथ्थू नावाचा माळी आला. तो याच मुलखातला, त्याच्या आज्यापासून सगळे मातीत हात घातलेले. त्या बिचाऱ्याला वाटलं, मालक शिकलेला आहे, आता बागेचं भलं होणार.

त्या काळात दिवाकररावांच्या डोक्यात स्वीडनची पद्धत होती. फार पूर्वी तिकडच्या एका पंडिताने ठरवलं होतं, की फुलाची जात-पात, रंग-वास काही बघू नका. आत पुंकेसर किती आहेत ते मोजा, आणि त्या आकड्याप्रमाणे झाडांना रांगेत उभं करा. युरोपात ही पद्धत केव्हाच अडगळीत गेली होती, पण जबलपूरला अडगळ जरा उशिराच पोचते. दिवाकररावांनी सगळी बाग त्या हिशेबाने लावली. एका केसराच्या वाफ्यात हळद आणि कर्दळ. दोन केसरांच्या वाफ्यात मोगरा आणि त्याला लागून अडुळसा. अनसूयाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. पहाटेच्या अर्धवट उजेडात त्या देवाला मोगरा तोडायला जात आणि खोकल्याचं औषध घेऊन येत.

त्या स्वीडिश पंडिताची आणखी एक खोड होती. तो पुंकेसरांना सरळ नवरे म्हणे आणि स्त्रीकेसराला बायको. सासुरवाडीला पहिल्याच आमरसाच्या जेवणात दिवाकररावांनी हे ज्ञान वाढलं. "आंब्याच्या मोहोरात एका बायकोला पाच नवरे असतात," ते वाटी पुढे करत म्हणाले. "पण पाचांतला एकच कामाचा. बाकीचे नुसते उभे."

सासूबाई वाढायचं टाकून आत गेल्या. भय्यासाहेबांनी शांतपणे घास संपवला आणि म्हणाले, "जावईबापू, आमच्या घरी महाभारत चातुर्मासात लावतात. जेवताना नाही."

पुढे दिवाकरराव कॉलेजात चिकटले आणि तिथे त्यांना कळलं की आपण आयुष्यभर नवरे मोजत बसलो. कॉलेजात लंडनची पद्धत चालत होती. त्या पद्धतीत केसर मोजून भागत नाही. सगळं फूल नीट बघायचं, आणि मुख्य म्हणजे पाकळ्या बघायच्या. पाकळ्या सुट्या असल्या तर पहिला वर्ग. एकमेकींना जोडलेल्या असल्या तर दुसरा. आणि पाकळ्या मुळी नसल्याच, तर सर्वांत शेवटी, पंगत उठल्यावर आलेल्या माणसासारखं, तिसरा. दिवाकररावांनी कॉलेजच्या सुट्टीत धर्मांतर केलं आणि बाग पुन्हा खणायला घेतली.

भर वैशाखात उपटलेला मोगरा हातात धरून नथ्थू म्हणाला, "मालिक, पौधा मर जैहे."

"मरने दो," दिवाकरराव म्हणाले, "मगर सही जगह पे मरने दो."

आणि तो मेला. योग्य जागी मेला. त्या जागेवर दिवाकररावांनी पत्र्याची पाटी लावली. पाटीला मात्र पुढे कधी कीड लागली नाही.

झाडं संपल्यावर त्यांनी माणसांना हात घातला. एकत्र कुटुंब म्हणजे जोडपाकळे. वेगळे राहणारे भाऊ म्हणजे सुटपाकळे. ज्यांना काही मिरवता येत नाही, भाऊबंद नाहीत, अंगावर सोनं नाही, ते बिनपाकळे. स्वतः डबीर अर्थातच सुटपाकळे, म्हणजे पहिल्या वर्गात. चार भाऊ चार गावी होते आणि फक्त जमिनीच्या दाव्याच्या तारखेला कोर्टात एकमेकांना भेटत. इतर कोणाला याची लाज वाटली असती. दिवाकररावांना शास्त्राचा आधार मिळाला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. आम्ही जबलपूरकर मराठी मंडळी थोडी, त्यात एखादा चक्रम असला तर सणासुदीला बरं पडतं. पण त्यांची मुलगी इंदू मॅट्रिक झाली, उपवर झाली, आणि त्यांची पद्धत तिच्या आड आली.

इंदूने मुलगा स्वतःच बघून ठेवला होता. त्या काळी मुली असं करत नसत, म्हणून तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. आईला न सांगताच कळलं होतं. मुलाचं नाव श्रीकांत खानझोडे, गन कॅरेज फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. गणेशोत्सवाच्या नाटकाचे पडदे तो रंगवी. एका वर्षी त्याने जंगलाच्या पडद्यावर फुललेला पळस काढला. नाटकात नायिका रानात वाट चुकून रडत असताना पहिल्या रांगेतून दिवाकरराव उठून ओरडले, "पळसाला पाकळ्या पाच असतात! पाचवी कुठे आहे?" नायिका रडायची थांबली. विंगेतून श्रीकांत बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "पुढच्या वर्षी काढतो जी," आणि परत गेला. इंदूने त्याला बघितलं ते तेव्हा.

पत्रिका जुळल्या. गोत्रं वेगळी निघाली. मुलाचे वडील भाऊराव मूळचे आर्वीकडचे, निवृत्त पोस्टमास्तर, साधा माणूस. ते मुलाला घेऊन मुलगी बघायला आले. अनसूयाबाईंनी पोह्यांत दाणे सढळ हाताने घातले आणि देवाजवळ दिवा लावून ठेवला. दिवाकररावांनी चष्मा पुढे ओढला.

"भाऊ किती?"

"मी एकटाच जी," भाऊराव म्हणाले. "अन् यालाही भाऊ नाही."

"मुंजीला बँड होता?"

"नाही जी. भटजीच लय जोरात ओरडून राहिला होता, मग बँड काहून लावायचा?"

दिवाकरराव श्रीकांतकडे वळले. "हातात अंगठी नाही?"

"फॅक्टरीत मशिनीत अडकते," श्रीकांत म्हणाला.

दिवाकररावांनी एक सुस्कारा सोडला आणि आत तोंड करून सांगितलं, "अगं, पाणी आण. बिनपाकळे आहेत."

आत भांडं पडल्याचा आवाज आला.

पाहुणे गेल्यावर जे झालं ते शेजाऱ्यांना अक्षरन् अक्षर ऐकू आलं, कारण अनसूयाबाईंनी खिडक्या लावल्या नाहीत.

"पत्रिका जुळली, पोराला पगार आहे, माणसं गरीब स्वभावाची आहेत. काहून नाही म्हणून राहिले तुम्ही?"

"बिनपाकळ्यांचा वर्ग शेवटचा आहे, अनसूये. त्यात एरंड येतो. राजगिरा येतो."

"अन् वड, पिंपळ?"

"तेही त्यातच."

"अन् चंदन?"

दिवाकररावांनी चष्मा पुसला. "चंदनसुद्धा."

"म्हणजे मी ज्याला प्रदक्षिणा घालते तो वड शेवटच्या वर्गात, अन् तुम्ही रोज ज्याचं गंध लावता ते चंदनही शेवटच्या वर्गात. मग पहिल्या वर्गात कोण बसून राहिलं आहे?"

"सीताफळ आहे. मोहरी आहे. अफू आहे."

"अच्छा!" अनसूयाबाई म्हणाल्या. "अफू वर अन् चंदन खाली. ही पद्धत ज्याने काढली त्याने कोणत्या वर्गातलं खाऊन काढली ते दिसूनच राहिलं आहे."

इंदू दाराआड उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला सुटपाकळ्यांत नाही जायचं." दिवाकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, यात आपल्या इच्छेचा प्रश्न नसतो." बापांना हे वाक्य सुचायला वनस्पतिशास्त्र लागतंच असं नाही, पण त्यांना ते तिथून सुचलं.

अशात कॉलेजात नवे प्रोफेसर आले. ते बर्लिनला शिकून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी दिवाकररावांना सांगितलं, की लंडनची रांग चुकीची आहे. बिनपाकळ्याचं फूल म्हणजे सर्वांत साधं, आणि जे साधं ते आधीचं. म्हणून ते पुढे यायला हवं. पाकळ्या, जोडकाम, नटणं हे सगळं नंतर येतं, आणि रांगेच्या शेवटी सर्वांत पुढारलेलं सूर्यफूल. एवढंच नाही, तर गवत आणि ताड-माड या सगळ्यांच्याही आधी.

दिवाकरराव घरी आले ते ताप घेऊनच. गवत गुलाबाच्या आधी, असं ते झोपेत पुटपुटत. अनसूयाबाईंनी अडुळशाचा काढा दिला. तो कोणत्या वर्गातला हे दिवाकररावांनी पहिल्यांदाच विचारलं नाही. मग ताप उतरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं. नथ्थूने ते लांबूनच ओळखलं आणि कुदळीला दांडा ठोकून घेतला.

बाग तिसऱ्यांदा खणली गेली. फाटकाशी गवत आलं, त्यामागे सुरूचं झाड, मिरीचा वेल आणि तुती. गुलाब मधेच कुठेतरी तोंड लपवून उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, बागेचा मालक वारला आणि मुलं भांडताहेत.

आणि मग दिवाकररावांच्या लक्षात आलं, की बिनपाकळे पहिले झाले! ते टांगा करून थेट खानझोड्यांच्या घरी गेले. भाऊराव अंगणात खाटेला सुंभ भरत होते.

"अभिनंदन!" दिवाकरराव टांग्यातूनच ओरडले. "तुम्ही पहिले आलात!"

"कशात जी?" भाऊरावांनी विचारलं.

त्यांना पुरतं कळलं नाही, पण सोयरीक पुढे सरकते आहे एवढं कळलं. साखरपुड्याचा दिवस ठरला. अनसूयाबाईंनी बर्लिनच्या दिशेने हात जोडले. इंदूने त्या आठवड्यात सगळी भांडी घासली आणि कोणावरही रागावली नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दुपारी दिवाकरराव प्रोफेसरांकडून आले आणि बैठकीत मटकन बसले. ते बर्लिनबद्दल आणखी पुढचं ऐकून आले होते. बर्लिनवाल्यांनी बिनपाकळ्यांना पुढे आणलं होतं खरं, पण पुढे आणून सुटपाकळ्यांच्याच मांडीवर बसवलं होतं. दोघांचा मिळून त्यांनी एकच गट केला होता. जोडपाकळे तेवढे वेगळे.

"म्हणजे काय झालं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"म्हणजे डबीर आणि खानझोडे एका गटात आले," दिवाकरराव पांढऱ्या ओठांनी म्हणाले. "सगोत्र झालं. हे लग्न होणं नाही."

ही चूक करायला वनस्पतिशास्त्र आणि आपली सोयरीक-पद्धत दोन्ही तोंडपाठ असावी लागतात. नुसता शास्त्रज्ञ ती करणार नाही, नुसता भटजीही नाही. दोन्ही एका टोपीखाली आले की पोरीचं लग्न मोडतं.

हे सांगायला दिवाकरराव स्वतःच गेले. भाऊरावांनी खाट भरता भरता सगळं ऐकून घेतलं.

"मास्तरजी," ते म्हणाले, "पहिले तुम्ही आम्हाला शेवटचे म्हटलं. मग पहिले म्हटलं. आता घरचेच म्हणून राहिले. घरच्याला लोक निदान चहा तरी पाजतात." मग त्यांनी सुंभाची गाठ ओढली आणि म्हणाले, "आषाढ लागायच्या आत नक्की काय ते सांगा. वर्ध्याची एक मुलगी सांगून आली आहे. तिचे वडील कापडाच्या दुकानात आहेत. पाकळ्या विचारत नाहीत."

ज्येष्ठ चालू होता. आषाढ लागायला थोडेच दिवस उरले होते. इंदू पाणी आणायला जायची ती विहिरीवरच बसून राहायची.

आणि त्याच ज्येष्ठात बागेतले आंबे पहिल्यांदा पिकायला आले.

लंडनच्या पद्धतीच्या दिवसांत बनारसहून मागवलेली लंगड्याची कलमं होती ती. बर्लिनच्या खणाखणीतून ती वाचली, कारण झाड मोठं झाल्यावर उपटता येत नाही. दिवाकररावांचा सगळ्या जगात एकच खरा विषय होता आणि तो आंबा. कैऱ्या धरल्यापासून ते रोज संध्याकाळी एकेका फळाखाली उभे राहत आणि वास घेत. पहिलं फळ पिकल्यावर त्यांनी हात वर केला, तर मागून नथ्थू ओरडला.

"हाथ न लगाव मालिक! बाग को ब्याह नईं भओ!"

आमच्या इकडे ही जुनी रीत आहे. आंब्याची नवी बाग लावली, की तिच्यातल्या एका आंब्याचं चिंचेशी रीतसर लग्न लावायचं. चिंच जवळ नसेल तर चमेलीशी. त्याआधी लावणाऱ्याने फळ तोंडाला लावायचं नाही.

"आणि खाल्लं तर?" दिवाकररावांनी विचारलं.

"तो घर में कोऊ न कोऊ बिन ब्याहो रह जात," नथ्थू म्हणाला.

हे ऐकलं मात्र, अनसूयाबाईंनी पदर खोचला. बाग त्यांच्या नावावर होती, विळी त्यांच्या ताब्यात होती आणि फळ उतरवायचा झेला नथ्थूच्या ताब्यात होता. "बागेचं लग्न लागल्याशिवाय या घरात आंबा चिरला जाणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "बाजाराचाही नाही."

दिवाकररावांनी शास्त्राच्या नावाने बरीच आदळआपट केली. अंधश्रद्धा म्हणाले, रानटी म्हणाले. संध्याकाळी बागेत जाऊन वास घेतला, आणि परत येऊन म्हणाले, "ठीक आहे. पण लग्न लावायचं तर शास्त्रोक्त. विहिरीजवळची ती चिंच चालणार नाही. आंबा सुटपाकळ्या, चिंच सुटपाकळी. एकच गट. सगोत्र. वधू चमेली असेल. ती जोडपाकळी आहे."

नथ्थू म्हणाला, इमली खड़ी है, सामने खड़ी है. दिवाकरराव म्हणाले, चमेली. ज्येष्ठाच्या उन्हात कुंडीतली एक चमेली आणली गेली आणि आंब्याच्या शेजारी ठेवली. दिवाकररावांनी तिच्यावर स्वतःची छत्री उघडून बांधली. सकाळ-संध्याकाळ ते तिला हाताने पाणी घालत. इंदूसाठी त्यांनी इतकी धावपळ कधी केली नव्हती, हे अनसूयाबाईंनी बघून ठेवलं.

मुहूर्ताचा दिवस उजाडला. अनसूयाबाईंनी शंभर घरं बोलावल्यासारखी तयारी केली होती, आणि बोलावलं होतं एकच घर, खानझोड्यांचं. दिवाकररावांच्या कपाळाला आठी पडली, तर त्या म्हणाल्या, "बागेच्या लग्नाला यायला गट कशाला लागतो?"

सगळे बागेत पोचले आणि बघतात तो छत्री जागेवर, कुंडी जागेवर, आणि चमेलीच्या जागी बोटभर दांडी. शेजारी नथ्थूची शेळी तृप्त चेहऱ्याने रवंथ करत होती.

शेळीला फाटकाची कडी काढता येत नाही, हे स्वीडन, लंडन आणि बर्लिन तिघांनाही मान्य व्हावं. पण कडी काढलेली होती, आणि फाटकाजवळ इंदू फार निवांतपणे रांगोळी काढत बसली होती.

"हरामखोर!" दिवाकरराव शेळीवर धावले.

"अब का डांटत हौ मालिक," नथ्थू म्हणाला. "बहू तो गई."

भटजी खोळंबले होते. त्यांना दुपारी गढा गावात सत्यनारायण होता. "यजमान, वधू कोण ते ठरवा, नाहीतर मी निघतो," ते म्हणाले. एवढ्यात झाडावरून एक पिकलेला लंगडा सुटला आणि दिवाकररावांच्या पायाशी येऊन फुटला. वास सगळ्या बागेत पसरला. वर पोपटांचा थवा उतरला होता आणि एक पोपट, वर्ग न विचारता, एका फळावर सुरू झाला होता.

दिवाकररावांनी पोपटाकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं, आणि म्हणाले, "चिंच चालेल."

मग सगळं भराभर झालं. आंब्याच्या बुंध्याला दिवाकररावांच्या जुन्या उपरण्याचा फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या. विहिरीजवळच्या चिंचेला अनसूयाबाईंनी आपली हिरवी साडी नेसवली. दोघांच्या मधे अंतरपाट आला; एक टोक भाऊरावांनी धरलं, दुसरं नथ्थूने. श्रीकांतच्या हातात अक्षता दिल्या. भटजींनी पळी उचलली आणि विचारलं, "वराचं गोत्र?"

आजवर भटजींनी झाडांची लग्नं लावली नसावीत, पण गोत्राशिवाय त्यांचं तोंड उघडत नव्हतं.

"यांना विचारा," अनसूयाबाई म्हणाल्या. "झाडांचं सगळं यांच्याजवळ आहे. सांगा न. अन् दोष असला तर आत्ताच सांगा हो. सगोत्र असलं तर अंतरपाट खाली करू अन् आंबे पोपटांना सोडू."

दिवाकररावांच्या कपाळावर घाम आला. वरचा पोपट दुसऱ्या फळावर गेला.

"वर आंब्याच्या कुळातला," ते म्हणाले. "वधू शेंगांच्या कुळातली. कुळं वेगळी आहेत."

"अन् गट?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"गट..." दिवाकरराव घुटमळले. वरून आंब्याचा एक अर्धवट खाल्लेला तुकडा त्यांच्या टोपीवर पडला. ते कळवळून म्हणाले, "गट एक आहे! पण गट काय, फार मोठा असतो. गटात हजारो कुळं असतात. गटाने लग्नाचं काही बिघडत नाही. कूळ वेगळं असलं की झालं!"

"म्हणजे निर्दोष?" भटजींनी विचारलं.

"अगदी निर्दोष! तुम्ही सावधान म्हणा!"

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या शेळीने खाल्ल्या. नथ्थूने झेल्याने पहिलं फळ उतरवलं, अनसूयाबाईंनी ते स्वतः दाबून मऊ करून नवऱ्याच्या हातात दिलं, आणि दिवाकररावांनी डोळे मिटून तोंडाला लावलं. रस कोपरापर्यंत आला. त्या क्षणी त्यांच्याइतका सुखी माणूस नर्मदेच्या दोन्ही तीरांवर नव्हता.

"अहो," अनसूयाबाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "डबीर अन् खानझोडे यांचा गट एक आहे न?"

दिवाकररावांनी डोळे उघडले. बाठ तोंडात होती.

"अन् कुळं वेगळी. गोत्रंही वेगळी. मग ते लग्न निर्दोष आहे की नाही?"

बाठ तोंडातून काढावी तर आंबा वाया जात होता आणि ठेवावी तर शास्त्र. दिवाकररावांनी आंबा निवडला. त्यांची मान वर-खाली झाली.

"मान हलली जी!" भाऊराव अंतरपाट टाकून ओरडले. "मी पाहिली! भटजी, तुम्ही पाहिली न?"

बाठ चोखताना मान हलतेच, तिला होकार म्हणत नाहीत, असं दिवाकरराव पुढे मरेपर्यंत सांगत. पण त्या वेळी त्यांनी दुसरा आंबा मागितला, आणि अनसूयाबाईंनी तो "व्याह्यांना आधी द्या" म्हणून भाऊरावांकडे वळवला. इंदू रांगोळीचा डबा घेऊन विहिरीमागे गेली होती. श्रीकांत उरलेल्या अक्षता मुठीत धरून तिथेच उभा होता, आणि त्या कोणावर टाकायच्या हे त्याला सुचत नव्हतं.

आषाढ लागायच्या आत त्याच बागेत लग्न झालं. मांडवाच्या मागच्या पडद्यावर श्रीकांतने पळस रंगवला. पाकळ्या पाच होत्या. दिवाकररावांनी जवळ जाऊन मोजल्या.

पंगत बसवायचं काम मात्र त्यांनी कोणाला करू दिलं नाही. ती बर्लिनच्या क्रमाने बसली. गवत म्हणून आधी पोरं. मग बिनपाकळे, म्हणजे व्याही मंडळी. मग सुटपाकळे डबीर, चार गावांहून चार दिशांना तोंडं करून आलेले. मग शेजारची एकत्र कुटुंबं. आणि सर्वांच्या शेवटी, सूर्यफुलाच्या जागी, सर्वांत पुढारलेले म्हणून स्वतः वधूपिता.

बागेतल्या आंब्यांचाच रस होता. पोरांनी तीन-तीन वाट्या ओरपल्या. भाऊरावांनी आग्रह मोडला नाही. एकत्र कुटुंबांनी आपापसात चढाओढ लावली. नथ्थू रसाचं पातेलं घेऊन रांगेच्या टोकाला पोचला आणि पातेलं तिरकं करून दाखवत म्हणाला, "मालिक, खतम."

दिवाकरराव रिकाम्या वाटीकडे बघत राहिले.

"काहून, सर्वांत वरच्या वर्गाला काही उरलं नाही का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"लंडनहून आता आणखी एक नवी पद्धत निघाली आहे म्हणतात," दिवाकरराव खोल आवाजात म्हणाले. "त्यात रांग सोनचाफ्यापासून सुरू होते."

"अन् तुम्ही त्यात कुठे?"

"सोनचाफ्याला लागूनच."

नथ्थूने हे ऐकलं. त्याने पातेलं तिथेच ठेवलं, मांडवामागे गेला आणि कुदळ उचलून विहिरीत टाकली.